मेहेर, निकाहनामा आणि न्यायालय

संसार मोडला म्हणजे घर कोणाचे, दागिने कोणाचे, साठविलेला पैसा कोणाचा, असे प्रश्न कोर्टापुढे येतात. त्या वेळी प्रथम एकच गोष्ट पाहिली जाते. कायद्याच्या दृष्टीने त्या जोडप्याची संपत्ती एक होती की दोन? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, निराळा करार केलेला नसेल तर, ती एक मानतात आणि निम्मी निम्मी वाटतात. तेथील मुसलमानांनाही हाच नियम आहे. इतरत्र आपल्या कायद्याप्रमाणे ती दोन असते. पत्नीचे ते पत्नीचे, पतीचे ते पतीचे.

इंग्लंडमधील विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळण्यास १८८२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे तो हक्क शतकानुशतके मान्य होता, याचा आपण अभिमान बाळगतो व तो योग्यच आहे. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजू आपण सहसा बोलून दाखवीत नाही. पतीच्या नावावर घेतलेल्या घरात, वीस वर्षे संसार केला एवढ्याच कारणाने, पत्नीला हिस्सा मिळत नाही. तिच्या हाती राहते ते मेहेर आणि तिला मिळालेल्या भेटी.

म्हणूनच १८८६ च्या एका निकालाची आठवण करावीशी वाटते. पत्नीला नांदावयास पाठवावे, अशी मागणी घेऊन एक पती अलाहाबादच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. माझे मेहेर दिलेले नाही, असे पत्नीचे म्हणणे होते. न्यायासनावर सर सय्यद अहमद खान यांचे पुत्र सय्यद महमूद होते. निकाहाच्या वेळी मेहेरचा उच्चारही झाला नसला तरी कायदा तो हक्क पत्नीला देतो, असे त्यांनी आपल्या निकालपत्रात स्पष्ट केले. पुढे १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्याने, पत्नीची मालमत्ता परस्पर विकणे हे क्रूरतेत धरले, आणि तिने स्वतः कोर्टातून विवाह संपविला तरी मेहेरवरील तिच्या हक्काला बाध येत नाही, असेही ठरविले. ‘तिनेच सोडले, आता मेहेर कसले?’ असे म्हणणारे वडीलधारे अजूनही भेटतात. त्यांनी हे कलम वाचावे.

इंदूरच्या शाहबानो यांचा निकाह १९३२ चा. १९७८ साली पतीने तलाक दिला आणि मेहेरचे ३,००० रुपये कोर्टात भरले. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरविली ती दरमहा २५ रुपये! उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८५ साली, मेहेर दिले म्हणून पोटगीची जबाबदारी संपत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतरचे वादळ सर्वांना ठाऊक आहे.

त्या वादळातून १९८६ चा कायदा झाला. त्यात इद्दतीच्या मुदतीत ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ करावी, असे म्हटले होते. मुदतीत म्हणजे मुदतीपुरती काय? नव्हे, मुदत संपण्याआधी, पण पुढील आयुष्यासाठी, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली व सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लावला. याच कायद्यात मेहेरबरोबर, लग्नापूर्वी, लग्नात वा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी अथवा मित्रमंडळींनी तिला दिलेली सर्व मालमत्ता तिची, असे म्हटले आहे.

मात्र दिलेले सिद्ध करावे लागते. आमच्याकडे जेवणावळीची यादी चार पानांची असते आणि निकाहनाम्यातील मेहेरची ओळ अर्धी! मागताच देय मेहेर आणि लांबणीवरचे मेहेर या दोहोंच्या उर्दू नावांत एका अक्षराचा फरक. देवनागरीत लिहिताना तोही उरत नाही. तेव्हा काझीसाहेबांना साध्या मराठीत लिहावयास सांगावे : किती आता, किती नंतर. मेहेर सोन्याच्या वा जमिनीच्या रूपातही ठरविता येते. दागिन्यांची पावती मुलीच्या नावाने घ्यावी, आणि निकाहनाम्याची एक प्रत तिच्या स्वतःच्या पेटीत असावी.