गोटूल ते शाळा

गडचिरोलीतल्या माडिया गोंडांच्या गावात शाळा पोचण्याआधीही मुलं शिकत होती. शेत आणि जंगल आईबापांच्या मागे फिरून समजायचं. गाणी, नाच, गावाची रीत गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या एकत्र जमण्याच्या जागेत. शिकवणारं सगळं गावच असल्यामुळे पालक वेगळे काढून दाखवता आले नसते.

ते वेगळे झाले आश्रमशाळांमुळे. 1972 नंतर महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांचं जाळं पसरत गेलं. दुर्गम गावातल्या मुलाला जेवण, कपडे, वर्ग मिळाले हे खरंच मोठं काम. पण मूल घरापासून लांब गेलं, पुस्तक मराठीत आणि घरची बोली माडिया. लेकराचं कसं चाललंय हे गुरुजींना विचारायला बापाजवळ भाषाच नव्हती. त्यात परीक्षा जवळ आल्या की मोह गळायला लागतो, मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. कित्येक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पोरंही सोबत जातात. पटावरचं नाव मग गैरहजेरीत जमा होतं. याला पालकांची उदासीनता म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

हेमलकशात वेगळं घडलं. 23 डिसेंबर 1973 ला बाबा आमटे यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा व्हायला तेव्हा नऊ वर्षं अवकाश होता, भामरागडचा हा मुलूख चंद्रपुरातच मोडायचा. आधी दवाखाना, मग 1976 मध्ये शाळा. हा क्रम फार मोलाचा ठरला. बाबांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या हातून घरची माणसं बरी झालेली बघितल्यावरच लोकांना मूल त्यांच्या हवाली करावंसं वाटलं. तरी सुरुवातीला मुलं पळून जायचीच. शिक्षक गावोगाव हिंडून त्यांना परत आणायचे. आमट्यांनी स्वतःची मुलंही याच शाळेत घातली. आपल्या पोरांच्या शेजारी डॉक्टरांची पोरं बसतात, हे पालकांना कुठल्याही भाषणाविना समजलं. याच शाळेत शिकलेल्या माडिया मुलांमधून पुढे डॉक्टर झाले, वकील झाले.

शिक्षणात घराचं वजन किती, हे अभ्यासातूनही पुढे आलेलं आहे. अमेरिकेत 1966 मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुलाच्या यशाचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त दिसतो, असं त्यांना आढळलं. मात्र माडिया मुलाच्या घरात जे ज्ञान होतं, त्याला परीक्षेत गुणच नव्हते.

गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये हा प्रश्न स्वतःच हाती घेतला आणि गोंडी माध्यमाची शाळा काढली. नाव ठेवलं ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’. 2022 मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस बजावली. शिक्षणहक्क कायद्यात विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. ग्रामसभेने संविधानाचं कलम 350-अ पुढे केलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते कलम सांगतं.