नाणेघाटाची वाट आणि एस्. टी.

सह्याद्रि हा देश आणि कोंकण यांमधील तट होय, असें शाळेच्या भूगोलांत मुलांना शिकवितात. तें खरेंच आहे. परंतु तट म्हटला कीं त्याला दरवाजे असावयाचेच, आणि ते सह्याद्रीलाही आहेत. ज्या खिंडींतून माणसें व जनावरें चढतात-उतरतात, त्यांना आपले लोक घाट म्हणतात. बोरघाट, थळघाट, माळशेज यांतून आज मोटारी धांवतात, म्हणून त्यांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं आहेत. ज्यांतून चाक जाऊं शकत नाहीं असे घाट मात्र मागें पडले. नाणेघाट हा त्यांतलाच एक. एके काळीं तो मोठ्या व्यापाराचा राजमार्ग होता. आज ती पायीं चालणाऱ्यांची वाट आहे. या दोन अवस्थांमधील त्याचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वाट कितीही पक्की बांधलेली असो, तिच्या दोन्ही टोंकांना माणसाला पुढें नेणारें साधन असेल तरच ती चालती राहते.

सातवाहन राजांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदातीरींचें पैठण. त्यांच्या राज्यांतील माल समुद्रापार जाई तो कल्याण, सोपारा या बंदरांतून. पैठणहून कोंकणांत उतरणारी वाट जुन्नरवरून येई आणि जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत शिरे. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत, आणि तेथील कांहीं शिलालेखांत यवन दात्यांचीं नांवें आहेत. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरांच्या कुशींतल्या गांवीं एवढें धन आणि परदेशी माणसें कोठून आलीं, या प्रश्नाचें उत्तर ह्या खिंडींत आहे.

घाटाच्या माथ्याशीं कड्यांत एक प्रशस्त लेणें आहे. तें भिक्षूंसाठीं खोदलेलें नसून राजघराण्यानें करविलेलें आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत एक लांबलचक लेख कोरला आहे. तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा मानतात, आणि तो सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिशांचे लोकपाल यांना वंदन आहे. पुढें अश्वमेधासारखे जे यज्ञ झाले त्यांचा आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं यांचा हिशेब आहे. हा हिशेब अंकांत लिहिलेला असल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांत या लेखाला मोठें मोल आहे. त्यांतील कांहीं अंक आजच्या अंकांचे पूर्वज म्हणून सहज ओळखतां येतात.

मागील भिंतीवर राजघराण्यांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार आणि महारठी अशीं त्यांचीं नांवें वर कोरलेलीं आहेत. प्रतिमा कालांतरानें नाहींशा झाल्या. आज नांवें उरलीं आहेत आणि खालीं पावलांच्या खुणा. लेण्याजवळ पाण्याचीं टांकीं आहेत, आणि माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. १८२८ सालीं सरकारी पाहणीच्या कामावर असलेल्या विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें हें लेणें पाहून त्याची माहिती विद्वानांपुढें आणली. पुढें त्याच शतकांत पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन विद्वान ब्यूलर यांनीं लेखाच्या वाचनासाठीं परिश्रम घेतले.

असा हा मार्ग ओस कां पडला? त्याचें एक कारण त्याच्या वैभवाच्या काळांतच दिसूं लागलें होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक नाविकाचें ‘पेरिप्लस’ नांवाचें प्रवासवर्णन उपलब्ध आहे. त्यांत तो सांगतो कीं, कल्याण हें पूर्वीं रीतसर व्यापाराचें बंदर होतें, पण पुढें तेथें अडथळा होऊं लागला, आणि चुकून तेथें आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येई. घाट जागेवरच होता, पायऱ्या शाबूत होत्या, पण खालचें दार बंद झालें कीं वरची वाट ओस पडणारच. पुढील शतकांत बंदरें मोकळीं झालीं, पुन्हां अडलीं, आणि त्याप्रमाणें वाटही जागत आणि निजत राहिली. लमाणांचे बैल धान्य आणि मीठ वाहून नेत, तोंपर्यंत चाकाची गरज नव्हती. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला आणि १८६३ सालीं तेथूनच आगगाडी धांवूं लागली, तेव्हां बैलांचे तांडे घाटांतून नाहींसे होऊं लागले. नाणेघाट आसपासच्या खेड्यांतील लोकांपुरता उरला.

या वाटेला फिरून पांथस्थ लाभले ते राजामुळें किंवा व्यापाऱ्यामुळें नव्हे, तर सार्वजनिक मोटारीमुळें. स्वातंत्र्यापूर्वीं खाजगी सर्व्हिस मोटारी मुख्यतः उतारूंची चांगली मिळकत असलेल्या रस्त्यांवर फिरत. १ जून १९४८ रोजीं मुंबई राज्याच्या एस्. टी. ची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्यास निघाली. १९५० च्या कायद्यानें महामंडळांची योजना झाली, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर या संस्थेस आजचें नांव मिळालें. ‘रस्ता तेथें एस्. टी.’ हें तिचें ब्रीद बनलें. जेथें मिळकत थोडी तेथेंही गाडी गेली. संध्याकाळीं गांवांत येऊन रात्रीं तेथेंच मुक्काम करणारी आणि पहाटे बाजाराची, शाळेची व दवाखान्याची माणसें घेऊन परतणारी गाडी खेड्यांना ओळखीची झाली.

घाटवाट चालणाऱ्यास ही गाडी जितकी उपयोगी पडते, तितकी स्वतःची मोटार पडत नाहीं. मोटार जेथें ठेवावी तेथेंच परत यावें लागतें. घाटवाट तर एका बाजूनें चढून दुसऱ्या बाजूस उतरण्यासाठींच जन्मलेली. कल्याणहून मुरबाड, टोकावडे या मार्गानें माळशेजकडे जाणाऱ्या गाडींतून वैशाखरे गांवाजवळ उतरावें. तेथून रानांतून वर जाणारी वाट अडीच-तीन तासांत माथ्याशीं नेते. शेवटच्या चढावर जुन्या दगडी पायऱ्या व फरसबंदी लागते, आणि मग लेणें. खिंड ओलांडली कीं एकदम देशाचें पठार समोर येतें. एका हातास नानाचा अंगठा नांवाचा सुळका आणि दुसऱ्या हातास जीवधन किल्ला. घाटघर गांवावरून पुढें जुन्नर गांठलें कीं पुण्यास जाणाऱ्या गाड्या मिळतात. सकाळीं कोंकणांत आणि रात्रीं देशावर, असा हा प्रवास सातवाहनांच्या बैलांनीं केला त्याच दिशेनें घडतो. पावसाळ्यांत दगड शेवाळतात आणि धुक्यांत वाट चुकते; ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. खेड्याकडील गाड्या दिवसांतून थोड्याच असतात, म्हणून वेळा स्थानकावर विचारून घेणें इष्ट.

हें साधनही अखंड आहे असें समजूं नये. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत तो कमीअधिक प्रमाणांत चालू राहिला. त्या महिन्यांत अनेक खेड्यांच्या गाड्या थांबल्या. घाट चालणाऱ्यांची हौस तेवढी राहिली. परंतु शाळेंतील मुली, दवाखान्याची वाट पाहणारे वृद्ध आणि बाजारास भाजी नेणाऱ्या बायका यांचा मार्गच खुंटला. २०२३ सालीं महिलांना अर्ध्या भाड्याची सवलत सुरू झाली. पण सवलतीचा लाभ गाडी आली तरच मिळणार. उतारू कमी म्हणून एखादी फेरी बंद होते, आणि फेरी बंद म्हणून उतारू आणखी कमी होतात. कल्याण बंदर बंद झाल्यावर नाणेघाटाचें जें झालें तें एखाद्या खेड्याचें होण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

म्हणून नाणेघाटास जाणाऱ्यानें गाडीनेंच जावें, तिकीट घ्यावें, आणि घाटघरांत मिळेल तेथें चहा-भाकरी घेऊन चार पैसे तेथें ठेवावे. माथ्यावरचा तो दगडी रांजण आज रिकामा आहे. पण वाट चालू ठेवण्याचा खर्च तिच्यावरून जाणाऱ्यांनींच उचलावयाचा, हा त्याचा नियम अजून बदललेला नाहीं.