ठाणें-वसईचे कागद व ‘फिलिप’ राजे

पोर्तुगीज अमदानींतील वसई-साष्टीच्या कागदांत ‘फिलिप’ राजाचें नांव आलें म्हणजे साल लावतांना फार जपावें लागतें. स्पेनचा दुसरा फिलिप तोच पोर्तुगालचा पहिला. ‘फिलिप तिसरा’ स्पेनचा मानल्यास काळ १५९८ ते १६२१ येतो. पोर्तुगालचा मानल्यास १६२१ ते १६४०. आकडा कोणत्या गादीचा हें न पाहिल्यास कागद एक पिढी मागें सरकतो.

१५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील साष्टी पोर्तुगीजांस दिली. १५८० त पोर्तुगालची गादी निर्वारस झाली, ती स्पेनच्या फिलिपनें बळकावली व १५८१ त तोमारच्या सभेनें त्यास मान्यता दिली. तेव्हांपासून १ डिसेंबर १६४० च्या उठावापर्यंत ठाण्याचा व फिलिपाईन्सचा राजा एकच होता. खाडीपलीकडील कल्याण या छत्राखालीं कधींच आलें नाहीं.

मग ठाणें स्पॅनिश वसाहत होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तोमारच्या वचनानुसार पोर्तुगालचे मुलूख पोर्तुगीज अंमलदारांकडेच राहिले. ठाण्याचा कारभार गोव्याच्या व्हिसरेच्या हाताखालीं, तर मनिलाचा मेक्सिकोच्या व्हिसरेच्या हाताखालीं चाले. राजा एक, पण दोन्ही शाखांत चुरस! जपानांत ती उघड झाली. १५८५ त पोपनें तेथील धर्मकार्य केवळ जेझुइटांकडे सोंपविलें असतां मनिलाचे फ्रान्सिस्कन तेथें शिरलेच. आणि त्यांचा दुभाषा होता वसईचा गोन्सालो गार्सिया. याचा बाप पोर्तुगीज व आई एतद्देशीय असें परंपरा सांगते. हा प्रथम जपानांत जेझुइटांजवळ राहिला, मग व्यापारी झाला व शेवटीं मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघांत मठबंधु झाला. १५९३ त मनिलाहून हिदेयोशीकडे गेलेल्या वकिलातींत तो होता. १५९६ त मनिलाहून आकापुल्कोस निघालेलें ‘सान फेलिपे’ जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागलें. हिदेयोशीनें माल जप्त केला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस ज्या सव्वीस जणांस क्रुसावर मारलें त्यांत गोन्सालो होता. १८६२ त त्यास संतपद मिळालें.

मनिलावर स्पेनचा झेंडा १८९८ पर्यंत टिकला. ठाणें मराठ्यांनीं १७३७ त, व वसई चिमाजी आप्पांनीं १७३९ त घेतली. ज्यांच्या संग्रहीं फिलिपच्या नांवाचे कागद असतील त्यांनीं आंकड्यापेक्षां व्हिसरेचें नांव आधीं वाचावें, अशी आमची विनंति आहे.