पकडला म्हणजे काय?

रामन राघवला पोलिसांनी कसा पकडला, ही गोष्ट मुंबईत अजून चवीनं सांगतात. पोलिसांचं डोकं, पोलिसांची नजर, झालं. दोस्तांनो, मी म्हणतो ही गोष्ट मेलेल्यांपासून वाचा.

मेले कोण? १९६५-६६ साली मुंबईच्या उपनगरात जी. आय. पी. रेल्वेच्या पट्ट्यात फुटपाथवर, झोपड्यांत निजलेली माणसं. १९ जणांवर हल्ले झाले, ९ मेले. संशयावरून एक भटका माणूस धरला. जबरी चोरीची ५ वर्षांची सजा त्यानं आधीच भोगलेली. पण झोपेत डोक्यात घाव बसलेला माणूस मारणाऱ्याला ओळखणार कसा? पुरावा नाही म्हणून सोडून दिला. तोच रामन राघव.

१९६८ साली उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तसेच खून पडू लागले. उघड्यावर निजायची लोकांना धास्ती बसली. २७ ऑगस्टला फौजदार अॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखलं. कशावरून? रेकॉर्डमधल्या जुन्या फोटोवरून. फियालोंचं श्रेय फियालोंना. पण ती फाईल तर आधीपासून ठाण्यातच होती ना? हेच ९ मुडदे मलबार हिलच्या बंगल्यांत पडले असते, तर ती फाईल इतकी वर्षं गप पडून राहिली असती काय?

मग कबुली. त्यानं कोंबडीचं कालवण मागितलं, ते मिळालं, आणि तो बोलला. खून किती? कुणी २३ म्हणतं, कुणी ४१. कोर्टात खटला चालला तो मालाडच्या २ खुनांचा. बाकीचे मुडदे त्याच्या नावावर जमा झाले. कोर्टाच्या कसोटीला ते लागलेच नाहीत. तो मनोरुग्ण असल्याचं ठरून १९८७ साली हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. १९९५ साली तो पुण्याच्या ससूनमध्ये मेला.

पोलिसापुढच्या कबुलीवर इंग्रज सरकारचासुद्धा भरवसा नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नं ती आरोपीविरुद्ध चालत नाही असं ठरवलं. २०२३ च्या नव्या कायद्यातही तो नियम कायम आहे. कारण उघड आहे. कोठडीत माणूस काय काय कबूल करतो ते आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको.

सगळा खटला कबुलीवर उभा केला की काय होतं, ते नोएडाच्या निठारीत दिसलं. गरिबांची पोरं हरवत होती, आईबाप ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते, कुणी मनावर घेत नव्हतं. डिसेंबर २००६ मध्ये बंगल्यालगतच्या नाल्यात हाडं सापडली. नोकराची कबुली घेतली ती ६० दिवसांच्या कोठडीनंतर. फाशीची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं त्याला १२ खटल्यांतून सोडलं, तपासावर कडक ताशेरे मारले. मालकही सुटला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नोकराला उरलेल्या शेवटच्या खटल्यातूनही मोकळं केलं. पोरं गेली ती गेली. मारली कुणी, याचं उत्तर कायद्याकडे नाही.

वस्तीतलं पोरगं हरवलं म्हणून मी ठाण्यात गेलोय. "येईल परत, दोन दिवस थांबा," हे ऐकून आलोय. खुनी मोकळा फिरतो तो याच दोन दिवसांत. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१३ सालीच सांगितलंय. तेव्हा "नराधम जेरबंद" असा मथळा वाचून टाळ्या पिटू नका. पहिली तक्रार कधी आली, ती लिहून घेतली का, आणि कबुलीशिवाय हातात काय आहे, एवढं विचारा. आणि वस्तीतली एखादी आई ठाण्यात निघाली, तर तिला एकटी जाऊ देऊ नका.