घरगुती कॉफीभाजणीसाठी गॅसचा बर्नर

मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरांना भाजणीचे काम नवे नाही. उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला करताना धने, तीळ, खोबरे, मिरच्या असा एकेक जिन्नस कढईत पडतो आणि हाताला आचेचा अंदाज आपोआप येतो. त्याच ओट्यावर कोडगू किंवा चिकमगळूरचा कच्चा कॉफीदाणा भाजायचा तर बर्नर कोणता घ्यावा, याचा येथे विचार करू. बर्नर त्याच्या सर्वांत मोठ्या ज्योतीवरून नव्हे, तर सर्वांत लहान स्थिर ज्योतीवरून निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

१. उष्णता किती लागते?

कच्च्या दाण्यात 10 ते 12 टक्के पाणी असते. 250 ग्रॅम दाणे 25 अंशांवरून सुमारे 215 अंश सेल्सियसपर्यंत नेण्यास ढोबळमानाने 80 किलोज्यूल लागतात. त्यातले पाणी वाफ करून घालवण्यास आणखी 60 ते 65. भाजणी 12 मिनिटांची धरली, तर दाण्याला सरासरी केवळ 200 वॅट मिळायला हवेत. उघड्या कढईत बरीचशी उष्णता कडेने वाया जाते. सहावा हिस्साच दाण्यापर्यंत पोहोचतो असे मानले, तरी 1.2 किलोवॅट पुरतात. एलपीजीच्या एका किलोत सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे तासाला 100 ग्रॅम गॅस जाळणारा बर्नर जवळपास 1.3 किलोवॅटचा झाला. एवढी ताकद घरच्या साध्या शेगडीत असतेच.

२. आच कमी करता येणे का महत्त्वाचे?

सुरुवातीला दाणा ओला असतो, तेव्हा मोठी आच तो सहज पचवतो. 150 अंशांच्या पुढे तो तांबूस होऊ लागतो आणि 195 ते 200 अंशांच्या आसपास पहिली तडतड ऐकू येते. इथून पुढे दाणा आतून स्वतःही उष्णता सोडतो. तडतडीच्या आधीच आच उतरवली नाही, तर बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा दाणा हाती येतो. पुढच्या दोन-तीन मिनिटांत चव ठरते, आणि तेव्हा नॉब अगदी किंचित फिरवूनही आच बदलता आली पाहिजे.

३. बर्नरचे प्रकार

पितळी गोल बर्नर: नॉब फिरवताच ज्योत बदलते आणि डोके काढून धुता येते. दाण्याचे पातळ साल उडून भोकांत बसते, म्हणून ही सोय मोलाची.

भट्टीचा हाय-प्रेशर बर्नर: आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यांसाठी उत्तम. त्याला वेगळा रेग्युलेटर लागतो आणि मंद आचेवर तो नीट टिकत नाही. पाव किलो दाण्यांसाठी तो टाळावा.

इन्फ्रारेड बर्नर: तापलेल्या जाळीची आच सर्वत्र सारखी लागते, मात्र ती जाळी सावकाश निवते आणि सालीने तिची बारीक छिद्रे बुजतात.

लांबट पाइप बर्नर: हाताने फिरवायचा ड्रम असेल, तर हाच योग्य. ड्रमच्या पूर्ण लांबीला आच मिळते.

४. पारख कशी करावी?

दुकानात ज्योत मोठी करून नॉब झटकन सिमवर आणावा. प्रत्येक भोकाशी निळी ज्योत टिकली पाहिजे. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. घरी आणल्यावर कढईत रव्याचा पातळ थर पसरून न ढवळता दोन मिनिटे मंद आचेवर ठेवावा. रवा ज्या आकारात तांबूस होतो, तो आचेचा नकाशा. मधोमध काळा ठिपका पडला, तर जाड बुडाची बिडाची कढई घ्यावी. पाइपच्या नैसर्गिक वायूसाठी जेट वेगळा लागतो. एलपीजीचा जेट घरी कोरून मोठा करू नये.

५. जागा

पेठेतली जुनी घरे भिंतीला भिंत लागून आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, आणि भाजणीचा धूरही दाट असतो. खिडकी उघडी हवी, पण वारा थेट ज्योतीवर नको. वाळलेले साल पेट घेते, म्हणून प्रत्येक भाजणीनंतर ओटा झाडावा.

निष्कर्ष

पाव किलोपर्यंतच्या भाजणीला सिमवर स्थिर जळणारा पितळी बर्नर आणि बिडाची कढई पुरेशी आहे. जास्त कॉफी हवी असेल, तर आच वाढवू नये. दोन घाण्यांत भाजावी. कारण लहान घाण्यातला प्रत्येक दाणा हलवता येतो, आणि हलत्या दाण्यालाच सारखी आच लागते.