इंजिन कोणाचे बदलते?

कोहमाऱ्याला रेल्वे नाही. हा महामार्गावरचा फाटा. गाडी धरायची तर सौंदड नाहीतर गोंदिया गाठावे लागते. तरीही मुंबईच्या रेल्वेचा इतिहास आम्हांला येथून पाहावासा वाटतो. दोन रेल्वेव्यवस्था जिथे एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे त्या विसंगतीची किंमत कोण मोजतो, हे येथून स्पष्ट दिसते.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. तारेतला प्रवाह 1500 व्होल्टचा, डीसी होता. 1930 पर्यंत ही तार घाट चढून इगतपुरी व पुण्यापर्यंत पोहोचली. नागपूरकडून येणाऱ्या गाडीचे वाफेचे इंजिन मग इगतपुरीस सुटे, आणि विजेचे इंजिन तिला मुंबईत नेई.

बीबीसीआय कंपनीने निराळी तोड काढली. तिने वीज उपनगरी मार्गापुरतीच आणली. 1930 साली कुलाबा टर्मिनस बंद झाले. लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला थांबू लागल्या आणि चर्चगेट लोकलचे अखेरचे स्थानक झाले.

1957 मध्ये भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी 25,000 व्होल्टचा एसी प्रवाह पत्करला. मुंबईत मात्र जुना डीसीच राहिला. त्यामुळे वाफेची इंजिने गेली तरी इगतपुरीची अदलाबदल संपली नाही. विजेच्या एका इंजिनाच्या जागी विजेचेच दुसरे येऊ लागले. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने 1975 पासून पश्चिम रेल्वेवर आली. पश्चिम रेल्वेवरचा डीसी 2012 मध्ये गेला, मध्य रेल्वेवरचा 2016 मध्ये हार्बर मार्गावरून शेवटचा हटला.

या काळात इगतपुरीला प्रवासी आपल्या जागेवर बसून राहिला. बदलले ते इंजिन. आमच्या गोंदियात नेमके उलटे घडत होते. मुंबई-हावडा मार्ग ब्रॉडगेज, तर सौंदडवरून नागभीडकडे जाणारा फाटा नॅरोगेज. रुळांतले अंतरच निराळे, तेव्हा इंजिन बदलून काय होणार? माणसाने सामानसुमान, लेकरेबाळे घेऊन उतरायचे, दुसऱ्या गाडीची वाट पाहायची. माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. 1990 च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा कुठे ही उतरचढ थांबली.

विसंगती दोन्हीकडे होती. शहराच्या वेशीवर तिचा भार यंत्राने उचलला. आमच्याकडे तो माणसाच्या डोक्यावर आला. रेल्वेचे इतिहास लिहिताना इंजिनांची नावे व क्रमांक जपून नोंदवले जातात. त्या फलाटांवर उतरलेल्यांच्या ओझ्याचीही नोंद व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.