श्रीगणेशा आणि ‘पिळ्ळैयार सुळि’ : दुकान टाकण्याची दोन भाषांतील गोष्ट

1/
खर्डा म्हटले की 11 मार्च 1795 ची लढाई आठवते. आजच्या जामखेड तालुक्यातील या गावाजवळ मराठे आणि निजाम समोरासमोर आले. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि अखेर तह केला. पण याच उच्चाराचा एक शब्द दुकानदाराच्या गादीवरही नांदत होता. कच्च्या नोंदींची वही, तीही खर्डाच. हा धागा त्या दुसऱ्या खर्ड्याविषयी आहे.

2/
‘दुकान’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. त्याला जोडलेली क्रियापदे मात्र मराठीने आपल्या घरातलीच दिली. दुकान मांडणे, दुकान थाटणे, दुकान घालणे, दुकान टाकणे. आठवड्याच्या बाजारात पाल ठोकतात, तेही नसेल तर पथारी पसरतात. भांडवल जितके, तितके क्रियापद.

3/
आता तमिळकडे वळू. तिथे दुकानाला ‘कडै’ म्हणतात. चहाचे दुकान ‘टीक्कडै’, दागिन्यांचे ‘नगैक्कडै’. दुकान सुरू करण्यासाठी बोलीत म्हणतात ‘कडै पोडु’. ‘पोडु’ म्हणजे टाक, घाल. म्हणजेच शब्दशः ‘दुकान टाक’! आणखी एक प्रयोग ‘कडै विरि’. ‘विरि’ म्हणजे पसर.

4/
या साम्यावरून एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जमिनीवर माल मांडून विकणारा माणूस दोन्हीकडे होता. त्याची कृती एक, म्हणून शब्दचित्रही एक, इतकेच खात्रीने म्हणता येते. मराठी आणि तमिळ यांच्या नात्याचा पाठपुरावा विश्वनाथ खैरे यांनी ‘सं-म-त’ (संस्कृत-मराठी-तमिळ) या विचारातून आयुष्यभर केला. त्यांच्या व्युत्पत्तींवर मतभेद होऊ शकतात. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टाळता येत नाही.

5/
सर्वांत सुंदर जोडी पुढे आहे. तमिळमध्ये कोणत्याही कामाचा आरंभ करणे म्हणजे ‘पिळ्ळैयार सुळि पोडु’. पिळ्ळैयार म्हणजे गणपती. सुळि म्हणजे वळसा, भोवरा. कागदाच्या माथ्यावर तमिळ ‘उ’ या अक्षरासारखी खूण काढायची आणि मग लेखनाला हात घालायचा, ही तिथली रूढी. हिशेबाच्या वहीवरही तीच खूण.

6/
मराठीत यालाच ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतात. आपल्या वहीच्या माथ्यावर ‘श्री’, त्यांच्या वहीच्या माथ्यावर सुळि. आपल्याकडे वहीपूजन दिवाळीत. तमिळनाडूत दुकानातील वह्या आणि अवजारे पूजली जातात ती नवरात्रातील सरस्वतीपूजा-आयुधपूजेला. पूजा वहीचीच, तिथी निराळी.

7/
या दोन भाषा एका छत्राखालीही राहिल्या. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी 1676 च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापिली. त्यांचे पुत्र शहाजी यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ हे अनेक भाषा एकत्र नांदवणारे नाटक आहे. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, 1803 मध्ये, बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला.

8/
1855 मध्ये तंजावरचे संस्थान खालसा झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. तंजावरी मराठी घराघरांत टिकली, पण तमिळच्या सहवासात तिचे रूप पालटत गेले. सिंहासनाच्या बळावर गेलेली भाषा सिंहासनाबरोबर मागे सरली. त्यानंतर मराठी माणूस पुन्हा तमिळ देशी गेला, तो मात्र रिकाम्या हातांनी.

9/
सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे अवर्षणाचे तालुके. इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबाने शुद्ध करून देणे. तमिळनाडूतील पेठांमध्येही त्यांची दुकाने उभी राहिली. ना राज्य, ना सनद. एक भट्टी आणि एक मूस.

10/
या धंद्यात गिऱ्हाईक आपले सोने अनोळखी माणसाच्या हाती देते. भाषा न कळणाऱ्याच्या हाती ते कोण देईल? म्हणून सोने ‘तंगम्’, चांदी ‘वेळ्ळि’, वितळवणे ‘उरुक्कु’ हे शब्द त्यांच्यासाठी केवळ शब्दसंग्रह नव्हते; ती त्यांची पत होती. गावाकडचे पीक जळाले असताना ‘कडै पोडु’ हा प्रयोग शिकणे म्हणजे घर जगवणे होते. ही तमिळ कुठल्याही शाळेने शिकवली नाही.

11/
उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे. तिरुनेलवेली भागातून मुंबईच्या धारावीत आलेली तमिळ कुटुंबे कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावली. परमुलखात दुकान टाकायचे तर तिथली बोली आधी कानात आणि मग जिभेवर यावी लागते. हा नियम धारावीत लागू होतो आणि मदुरैतही.

12/
इतिहास तह जपतो, शिलालेख जपतो. गलाईवाल्याची कच्ची वही मात्र रद्दीत जाते. तंजावरच्या भिंतीवरील मराठी आज वाचता येते. परमुलखातल्या पहिल्या दिवशी एखाद्या पोराने अडखळत उच्चारलेली तमिळ कुठेच कोरलेली नाही. घरात कुणी वडीलधारे असे दुकान टाकून आले असतील, तर त्यांना विचारा : तिथला पहिला शब्द कोणता शिकलात? उत्तर लिहून ठेवा. खर्ड्यावर लिहिले तरी चालेल.

(समाप्त)